चिंचपोकळी परिसरातील घरगुती बागकाम : पाण्याची निवड व परीक्षण

प्रस्तावना

भायखळा आणि करी रोड या दोन स्थानकांच्या मधे वसलेल्या चिंचपोकळीच्या नावात चिंचेचे झाड आहे; आज मात्र तेथील घराघरांतली हिरवाई मुख्यत्वे कुंडीत वाढते. चाळीच्या सज्ज्यातील तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेली तुळस, रंगाच्या बादलीतला कढीपत्ता, कठड्याला तारेने बांधलेली मनीप्लँटची बाटली, नळाच्या मोरीजवळ सावलीत ठेवलेले ओव्याचे रोप हे गिरणगावाचे परिचित दृश्य आहे. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत कामाला आलेल्या कुटुंबांनी दहा फुटी खोलीतही मातीशी असलेले नाते या डब्या-बादल्यांतून टिकवून धरले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर या भागाचा चेहरामोहरा बदलत गेला. गिरण्यांच्या जमिनीवर आणि जुन्या चाळींच्या जागी बहुमजली मनोरे उभे राहिले. या स्थित्यंतराची आर्थिक व सामाजिक बाजू विपुल चर्चिली गेली आहे. घरात येणाऱ्या पाण्याचे स्वरूपही त्याबरोबर बदलले, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. चाळीत नळ एक होता आणि त्याला येणारे पाणीही एकच होते. मनोऱ्यात स्वयंपाकघराचा नळ, शौचकूपाची टाकी आणि तळमजल्यावरील बागेचा नळ यांतून तीन निरनिराळी पाणी येऊ शकतात. पंचवीस वर्षे चाळीत तग धरून राहिलेली तुळस नव्या घरात वर्षभरात करपली, तर दोष वाऱ्याला, उंचीला किंवा वास्तूला दिला जातो. पाण्याचा विचार क्वचितच होतो.

घरातील झाडांसाठी पाणी कसे निवडावे आणि ते कसे तपासावे, याचा परामर्श प्रस्तुत लेखात चिंचपोकळी परिसराच्या संदर्भात घेतला आहे. ‘पाणी चांगले की वाईट’ असा सरसकट प्रश्न या बाबतीत अपुरा ठरतो. पाणी कोठून आले आणि बाष्प होऊन गेल्यावर ते कुंडीत मागे काय ठेवते, हे दोन प्रश्न एकत्र विचारले तरच उत्तर हाती लागते.

नळाच्या पाण्याची जडणघडण

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेट विहिरी आणि तलावांवर अवलंबून होते. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर आणि पुढे अप्पर वैतरणा व भातसा या जलाशयांची भर पडली. २०१४ मध्ये मध्य वैतरणा प्रकल्प पूर्ण झाल्यावर ही संख्या सात झाली. विहार व तुळशी हे दोन तलाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत. उरलेले पाच सह्याद्रीच्या पायथ्याशी व उतारावर आहेत.

या भूगोलाचा कुंडीतल्या झाडाशी थेट संबंध आहे. सातही जलाशयांत साठते ते मुख्यतः चार महिन्यांच्या पावसाचे पाणी. बेसाल्ट खडकावरून आणि जंगलातून ते झपाट्याने वाहत येते. चुनखडीच्या प्रदेशात किंवा खोल भूगर्भात दीर्घकाळ मुरलेल्या पाण्याला जसे क्षार विरघळवून घ्यायला अवधी मिळतो, तसा अवधी या पाण्याला मिळत नाही. त्यामुळे मुंबईच्या नळाचे पाणी सुफेन असते, साबणाला त्यात चटकन फेस येतो, आणि त्यातील एकूण विद्राव्य क्षार साधारणतः लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतात. भारतीय मानक १०५०० (२०१२) पिण्याच्या पाण्यासाठी पाचशे मिलिग्रॅमची स्वीकार्य मर्यादा सांगते. दुसरा स्रोतच नसेल तर दोन हजारांपर्यंत सवलत देते. या तुलनेत चिंचपोकळीच्या चाळीतील नळ झाडांसाठी भाग्यवानच म्हणावा लागेल.

या पाण्याविषयी सर्वत्र ऐकू येणारी भीती क्लोरीनची आहे. मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असणे अपेक्षित असते. इतक्या अल्प प्रमाणातील क्लोरीन सेंद्रिय मातीला लागताच खर्ची पडतो; मुळांपर्यंत तो पोचतच नाही असे म्हणायला हरकत नाही. परदेशी बागकामाच्या पुस्तकांत पाणी चोवीस तास उघडे ठेवण्याचा सल्ला आढळतो. काही देशांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते तर उघडे ठेवूनही सहजी जात नाही. हा सल्ला येथे जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही. किंबहुना तो उचलण्यात कोणता धोका आहे, हे पुढे येईलच.

अति सुफेन पाण्याची स्वतःची एक अडचण आहे, ती सहसा सांगितली जात नाही. सिंचनाच्या पाण्याची वाहकता ०.२ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असेल तर मातीच्या वरच्या थरातील कण विखुरतात, पापुद्रा धरतो आणि पाणी मुरेनासे होते, असे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनजलविषयक मार्गदर्शिकेत नमूद केले आहे. रोपवाटिकेतून आणलेल्या लाल मातीत हा पापुद्रा लवकर दिसतो. शिवाय अशा पाण्यातून कॅल्शियम व मॅग्नेशियम फारसे मिळत नाही आणि मातीतले पोषण मात्र निचऱ्याबरोबर वाहून जाते. चाळीतल्या जुन्या कढीपत्त्याची पाने पिवळी पडली, तर दोष बहुधा पाण्याचा नसतो. दहा वर्षांत एकदाही न बदललेल्या मातीचा असतो. त्यावर पाणी बदलण्याऐवजी कंपोस्ट घालणे हा उपाय आहे.

मनोऱ्यातील दुसरे पाणी

चिंचपोकळीच्या दक्षिण व पश्चिमेकडील सखल भागाचा इतिहास येथे लक्षात घ्यावा लागतो. सात बेटांच्या मधल्या या पट्ट्यात एकेकाळी वरळीकडील खिंडारातून भरतीचे पाणी थेट आत शिरत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबीच्या बांधाने ते अडवले गेले आणि पुढे भर घालून जमीन तयार झाली. अशा जमिनीखालील पाणी सर्वत्र सारखे असू शकत नाही. एका बोअरवेलचे पाणी गोडे लागते, तर जवळच्याच दुसऱ्या विंधणविहिरीचे मचूळ. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. म्हणजे भूजलात अवघे दोन टक्के समुद्राचे पाणी मिसळले, तरी क्षार सातशे मिलिग्रॅमनी वाढतात.

नव्या इमारतींत शौचकूप, गाडी धुणे व बाग यांसाठी बोअरवेलचे, टँकरचे किंवा इमारतीच्याच सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेतून आलेले पाणी वापरण्याची पद्धत रूढ आहे. एप्रिल २०२५ मध्ये भूजल उपशाच्या परवानग्यांच्या प्रश्नावरून खाजगी टँकरचालकांनी पुरवठा थांबवला, तेव्हा शहरातील किती व्यवहार या पाण्यावर चालतात, ते एकदम उघड झाले. पिण्याचे पाणी वाचवण्याच्या दृष्टीने ही पद्धत योग्यच आहे. तलावांतील साठा घटल्यामुळे महानगरपालिकेला ३० मे २०२४ पासून पाच टक्के व ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात लागू करावी लागली होती. अशा शहरात कुंड्यांना पिण्याचेच पाणी घाला, असा सरसकट आग्रह धरता येणार नाही. प्रश्न फक्त हे दुसरे पाणी ओळखीचे आहे की अनोळखी, एवढाच उरतो.

त्यात सर्वांत फसवे पाणी सॉफ्टनरमधून आलेले. बोअरवेलच्या दुष्फेन पाण्याने नळांवर आणि फरशीवर पांढरे डाग पडतात म्हणून काही इमारती हे यंत्र बसवतात. यंत्रातील राळ पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून घेते आणि त्याबदली सोडियम सोडते. ठरावीक काळाने मिठाच्या द्रावणाने ती राळ पुन्हा ताजी करावी लागते. डाग थांबतात, साबणाला फेस येतो आणि रहिवासी समाधानी होतात. झाडाच्या दृष्टीने मात्र हा सौदा उलटा आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून लिटरमागे सहा मिलिसममूल्य आणि सोडियम तीन मिलिसममूल्य आहे. सोडियम अधिशोषण गुणोत्तर काढताना सोडियमच्या आकड्याला कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेच्या निम्म्याच्या वर्गमुळाने भागतात. येथे ते तीन भागिले वर्गमूळ तीन, म्हणजे सुमारे १.७ येते. सॉफ्टनरमधून गेल्यावर कॅल्शियम-मॅग्नेशियम ०.२ आणि सोडियम ८.८ झाले, तर तेच गुणोत्तर जवळजवळ २८ होते. अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात दहापर्यंतचे पाणी अल्प सोडियमचे, तर सव्वीसच्या पुढचे अत्यधिक सोडियमचे मानले आहे. म्हणजे एका यंत्राने पाणी पहिल्या वर्गातून थेट शेवटच्या वर्गात नेले. टीडीएस मीटरवर मात्र दोन्ही वेळा सुमारे सहाशेच्या आसपासचाच आकडा दिसेल, कारण विद्युत्भाराची बेरीज बदललेली नाही. शेतकरी ज्या जमिनीला चोपण म्हणतो, तिची छोटी आवृत्ती अशा कुंडीत तयार होते. ओली असताना माती चिकट लागते, वाळल्यावर दगडासारखी कडक होते आणि वर घातलेले पाणी तासभर तसेच उभे राहते.

कुंडीचा जमाखर्च

शेतीसाठी ठरवलेले निकष कुंडीला जसेच्या तसे लागू का होत नाहीत, हे समजण्यासाठी थोडा हिशेब आवश्यक आहे. झाड पाणी शोषते आणि पानांतून बाष्परूपाने सोडते. क्षार बहुतांशी मातीतच राहतात. शेतात ते खालच्या थरात उतरतात आणि पावसाळ्यात धुपून जातात. सज्ज्यातील कुंडीवर छप्पर असते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण छपराखालच्या कुंडीला त्याचा उपयोग नाही.

ऑक्टोबर ते मे या सुमारे २४० दिवसांत एका मध्यम कुंडीला रोज अर्धा लिटर पाणी घातले असे समजू. ८० मिलिग्रॅम क्षार असलेल्या नळाच्या पाण्यातून या काळात ९.६ ग्रॅम क्षार येतील, म्हणजे दोन लहान चमचेही नाहीत. ९०० मिलिग्रॅमच्या बोअरवेलच्या पाण्यातून १०८ ग्रॅम येतील. त्यांतील काही भाग चुन्याच्या रूपाने कुंडीच्या काठावर पांढरा थर होऊन बसेल, हे खरे. तरीही सात-आठ किलो मातीत मूठभर क्षार दरवर्षी टाकण्यासारखेच हे आहे. कोणीही शहाणा माणूस तुळशीला मूठभर मीठ घालणार नाही. रोज अर्ध्या लिटरच्या हप्त्यांनी मात्र ते नकळत घातले जाते.

यावरचा उतारा निचऱ्यात आहे. घातलेल्या पाण्याचा दहावा भागच कुंडीच्या भोकातून बाहेर पडत असेल, तर दीर्घ काळाने खालून झिरपणारे पाणी मूळ पाण्याच्या दहापट खारे होते. नळाच्या पाण्याबाबत ही दहापटही केवळ ८०० मिलिग्रॅम होते. बोअरवेलच्या पाण्याबाबत ती ९,००० होते, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या चतुर्थांश. निचरा एकतृतीयांश केला, तर हेच आकडे अनुक्रमे २४० आणि २,७०० वर येतात. खालच्या मजल्यावर पाणी गळते म्हणून कुंडीचे भोक बुजवणारे किंवा थाळीतले पाणी झाडाने पुन्हा प्यावे म्हणून ते तसेच ठेवणारे लोक चाळीतही असतात आणि मनोऱ्यातही. चाळीत नळाच्या पाण्याने ही चूक पचवली. मनोऱ्यातील पाणी ती पचवत नाही.

वनस्पतींची सहनशक्तीही सारखी नसते. मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये दिलेल्या तक्त्यात मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता किती झाली की उत्पन्न घटू लागते, याचे आकडे आहेत : कांदा १.२, मिरची १.५, पालक २.०, टोमॅटो २.५ डेसीसायमन प्रति मीटर. शोभेच्या झाडांपैकी बोगनवेल बरेच काही सोसते. नेचे व ऑर्किड क्षारांना हळवे असतात, तर अनंत व एक्झोरा यांना चुन्याचे पाणी मानवत नाही. शिरा हिरव्या राहून मधले पान पिवळे पडणे ही त्यांची तक्रार असते.

परीक्षण : घरात आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत

बाजारात मिळणारे खिशातले टीडीएस मीटर हे उपयुक्त साधन आहे. त्याच्याकडून काय अपेक्षावे, एवढे मात्र ठाऊक हवे. ते क्षार मोजत नाही. दोन विद्युदग्रांमधून जाणारा प्रवाह मोजते आणि वाहकतेला ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवते. हा गुणक काही उत्पादक ०.५ धरतात, तर काही ०.७. त्यामुळे १ डेसीसायमन वाहकतेचे एकच पाणी एका मीटरवर ५०० आणि दुसऱ्यावर ७०० दिसते. शक्य असेल तेथे मीटर वाहकतेवर लावूनच वाचन घ्यावे. युरियासारखा विद्युत्भाररहित पदार्थ या मीटरला दिसत नाही. जंतू दिसत नाहीत. आणि वर पाहिल्याप्रमाणे कॅल्शियम व सोडियम यांतला भेदही कळत नाही. आकडा दोनशेच्या आत असेल तर निश्चिंत व्हावे. पाचशेच्या वर असेल तर तो परीक्षणाचा शेवट नसून आरंभ समजावा.

सॉफ्टनरचा संशय घरच्या घरी फेडता येतो. मीटरवर आकडा मोठा आणि तरीही साबणाला भरपूर फेस, अशी जोडी जमली की पाणी सोडियमयुक्त असण्याचा संभव बळावतो. नैसर्गिक बोअरवेलचे पाचशे-सहाशेचे पाणी सहसा इतक्या सहज फेस देत नाही.

सामूच्या पट्टीला मात्र अवाजवी महत्त्व मिळाले आहे. सुफेन पाण्यात सामू स्थिर ठेवणारे बायकार्बोनेट फार थोडे असते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेही त्याचा सामू हलतो आणि मातीवर त्याचा प्रभाव नगण्य असतो. मातीचा सामू दीर्घकाळ वर ढकलते ती पाण्याची अल्कता. ती मोजणे कोणत्याही पदवी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात अर्ध्या तासाचे काम आहे. शंभर मिलिलिटर नमुन्यात मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकून ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाने अनुमापन करावे. लागलेल्या मिलिलिटरना दहाने गुणले की कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपातील अल्कता मिळते. कुंडीसाठी शंभरपर्यंतची अल्कता निर्धोक समजावी, दीडशेच्या पुढे अनंतासारख्या झाडांची काळजी घ्यावी.

याच नमुन्यावर ईडीटीए अनुमापनाने दुष्फेनता काढता येते. इरिओक्रोम ब्लॅक टी दर्शकाचा द्राक्षी रंग निळा होतो, तो अंत्यबिंदू. मोहरच्या पद्धतीने क्लोराइड काढणे चिंचपोकळीच्या बोअरवेलबाबत विशेष बोलके ठरते, कारण समुद्राच्या पाण्याची खूण मुख्यत्वे क्लोराइडमधून पटते. ०.०१४१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेटच्या प्रत्येक मिलिलिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोराइड, असा हिशेब आहे. अन्न व कृषी संघटनेच्या निकषांत लिटरमागे चार मिलिसममूल्य, म्हणजे सुमारे १४० मिलिग्रॅमपर्यंतचे क्लोराइड संवेदनशील झाडांनाही चालते. ज्या विभागाकडे ज्वालाप्रकाशमापी आहे, त्याला सोडियम थेट मोजून गुणोत्तर पूर्ण करता येते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना नेहमीच्या साच्यातले ‘अमुक नदीचे जलपरीक्षण’ देण्याऐवजी त्यांच्याच इमारतींच्या नळांचे नमुने आणायला सांगितले, तर अनुमापनाला अर्थ येतो आणि इमारतीलाही माहिती मिळते. नमुना घेताना नळ दोन-तीन मिनिटे सोडून, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठोकाठ भरून घ्यावी आणि अल्कतेची चाचणी त्याच दिवशी करावी.

यंत्राशिवायची एक चाचणी स्वयंपाकघरातच आहे. दोन बशांत ओला टिपकागद पसरून प्रत्येकी पंचवीस मेथीचे दाणे ठेवावेत. एकीत तपासायचे पाणी, दुसरीत पावसाचे किंवा खात्रीच्या नळाचे. पाचव्या दिवशी किती दाणे रुजले आणि मुळे किती लांब झाली, ते मोजावे. मुंबईत किनाऱ्यालगतच्या वाळूत पिकणारी आणि इवल्या जुड्यांनी विकली जाणारी समुद्रमेथी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मेथी कोवळी वाटली तरी नाजूक नाही हे ठाऊक आहे. म्हणूनच या परीक्षेत मेथी नापास झाली तर ते पाणी निःसंशय टाळावे. ती उत्तीर्ण झाली म्हणजे पाणी निर्दोष ठरले, असे मात्र नाही. सावकाश साठणारा सोडियम पाच दिवसांत दिसत नाही.

त्यासाठी पाण्यापेक्षा कुंडीच तपासावी. नेहमीप्रमाणे पाणी घालून तासभराने वरून कपभर शुद्ध पाणी हळूहळू ओतावे आणि भोकातून येणारे पहिले अर्धा कप पाणी गोळा करून त्याची वाहकता पाहावी. ती तीन डेसीसायमनच्या पुढे गेली असेल, तर क्षार साचले आहेत. खत घातल्यानंतर लगेच ही चाचणी घेतल्यास आकडा फुगतो, म्हणून तीन आठवडे थांबावे.

साठवण आणि डास

पाणी ठरावीक वेळी येणाऱ्या वस्तीत पिंप भरून ठेवणे अपरिहार्य असते. झाडांसाठी वेगळी बादली भरून क्लोरीन उडून जाण्याची वाट पाहणे मात्र अपरिहार्य नाही. डेंग्यू पसरवणारा एडीस डास घरातील व घराभोवतीच्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. कुंडीखालची थाळी, मनीप्लँटची बाटली आणि शोभेच्या बांबूचे भांडे ही महानगरपालिकेच्या कीटकनाशक खात्याला वारंवार सापडणारी ठिकाणे आहेत. साने गुरुजी मार्गावरील कस्तुरबा रुग्णालय हे साथीच्या रोगांसाठीचे पालिकेचे रुग्णालय या वस्तीच्या अंगणातच आहे; पावसाळ्यात तेथील गर्दी परिसरातील रहिवाशांना सांगावी लागत नाही.

या शहराने हा धडा पूर्वीही घेतला आहे. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांचा अहवाल दिला. घरोघरच्या विहिरींत वाढणाऱ्या डासांवर त्यात बोट ठेवले होते आणि त्यानंतरच्या काळात कित्येक विहिरी झाकल्या वा बुजवल्या गेल्या. क्लोरीनचा धोका काल्पनिक आणि डासाचा खरा, अशी ही तुलना आहे. नळाचे पाणी ताजेच घालावे. पाण्यात वाढवलेल्या वेलीचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, बाटलीच्या आतल्या कडा घासून बदलावे, कारण अंडी काठाला चिकटून कोरडी राहू शकतात.

उरलेली पाणी

आरओ यंत्रातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याने झाडे मरतात, असे ठामपणे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. यंत्र चार भागांतील एक भाग शुद्ध करून तीन भाग टाकून देत असेल, तर ८० मिलिग्रॅमच्या नळाच्या पाण्याचे टाकाऊ पाणी फार तर १०५ चे होते. ते झाडांना निर्धास्त घालावे. ९०० च्या पाण्याचे टाकाऊ पाणी मात्र ११८० च्या घरात जाते. ते फरशीसाठी ठेवावे. मुळात चिंचपोकळीच्या नळाच्या पाण्याला असे यंत्र का लावावे, हा वेगळा प्रश्न आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये पाचशेपेक्षा कमी क्षारांच्या पाण्यासाठी या यंत्रांना मनाई करण्याचा निर्देश दिला होता, तो याच अपव्ययाकडे पाहून.

वातानुकूलन यंत्राचे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते. बोअरवेलच्या पाण्यात ते अर्धे मिसळले तर क्षारांचा आकडा निम्मा होतो, हा त्याचा उत्तम उपयोग. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी मीठ नसेल तर चालते, पण ताजे. आंबले की कुंडीत चिलटे येतात. सांडपाणी प्रक्रियेतून आलेल्या पाण्यात कपडे धुण्याच्या चुऱ्यातील सोडियम असतो आणि जंतूंची खात्री नसते. शोभेच्या झाडांना ते अधूनमधून द्यावे. पुदिना, कोथिंबीर यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांना कदापि देऊ नये.

क्षार साचलेली कुंडी धुण्यासाठी तिच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी लागते. मे महिन्यात, पाणीकपातीच्या काळात इतके पाणी ओतणे कोणत्याही इमारतीत शोभणारे नाही. जूनअखेर पाऊस स्थिरावला की सज्ज्यातील कुंड्या आळीपाळीने दोन-तीन दिवस गच्चीवर ठेवाव्यात आणि थाळ्या काढून टाकाव्यात. धुपून गेलेल्या पोषणाची भरपाई म्हणून नंतर मूठभर कंपोस्ट घालावे. चोपण झालेल्या कुंडीला नुसता पाऊस पुरत नाही. आधी मातीत चमचाभर जिप्सम मिसळले तर त्यातील कॅल्शियम सोडियमला जागेवरून हलवते आणि मग पाऊस ते वाहून नेतो. ज्या इमारतीत दोन टाक्या आहेत, तेथे बागेचा नळ कोणत्या टाकीवर आहे आणि तो सॉफ्टनरच्या आधी जोडला आहे की नंतर, हे नळकारागिराकडून एकदा विचारून नळावर लिहून ठेवावे. सॉफ्टनरच्या आधीची जोडणी करून घेण्यास बहुधा एक पाइप आणि एक कॉक एवढाच खर्च येतो.